दुसरं टोक कोण धरणार?

सुताराच्या दुकानात भुसा आणि किस्से सारख्याच वेगाने साचतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पायाखाली पुन्हा तेवढेच! फरक इतकाच की भुसा वीटभट्टीवाला पोत्यात भरून नेतो. किस्से न्यायला कोणी येत नाही. ते माझ्यासारख्याच्या अंगाला चिकटून घरी येतात आणि बायको दारातच विचारते, "आज कोणाशी भांडलात?"

प्रश्न चुकीचा नाही. माझी हयात जिल्ह्याच्या बातमीदारीत गेली. तहसीलदार, ठेकेदार, स्वतःच्याच पेपरचे उपसंपादक, सगळ्यांशी भांडून झालं. आता नोकरी नाही, भांडण मात्र शिल्लक आहे. ते घेऊन मी रोज संध्याकाळी उमरखेडात महागाव रोडवर गजूच्या दुकानात जाऊन बसतो. गजू म्हणजे गजानन, फर्निचरवाला. त्याची बायको वर्षा. दुकानात कामाला कितीतरी जण आले आणि गेले. टिकली ती वर्षा.

सध्या माझ्याकडे साचलेले किस्से सगळे एकाच वस्तूचे आहेत. बॅटरीवर चालणारी ट्रॅक सॉ, म्हणजे पट्टीवरून सरकणारी करवत, आणि तीही स्वस्तातली. घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. पण सांगतो, आमदारकीच्या तिकिटावरसुद्धा मी इतकी चर्चा ऐकलेली नाही!

* * *

आधी या नवरा-बायकोची कामाची पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं लक्षात येईल.

प्लायवूडची अख्खी शीट म्हणजे आठ बाय चारचं धूड. गजू एका टोकाकडून हातातली गोल पात्याची मशीन चालवत यायचा आणि वर्षा दुसरं टोक उचलून धरायची. शीट लोंबली की पातं अडकतं, कड फाटते. म्हणून धरणारा हात पक्का लागतो. कापत कापत शेवटचा वीतभर भाग उरला की गजू थांबायचा, कारण तिथे वर्षाची बोटं असायची. ती बोटं सरकवून घ्यायची आणि म्हणायची, "हाव." आमच्याकडे 'हाव' म्हणजे 'हो'. मग गजू उरलेलं कापायचा. लग्न झाल्यापासून हेच चालू. घरी अबोला असला तरी दुकानात "हाव" बंद पडलं नाही!

वर्षा बारावी शिकलेली आहे. कंडक्टरचा बिल्ला काढून तिने एसटीच्या भरतीत अर्ज केला होता. पोळा झाला आणि तिला बोलावणं आलं. दिवाळीनंतर यवतमाळला ट्रेनिंग, मग नोकरी.

मी पेढ्यांची चौकशी केली. गजू म्हणाला, "जाय म्हनलं मी तिले. मी कायले नाई म्हनू? पन काका, शीट कोन धरीन?"

"माणूस ठेव."

"मानूस! मागच्या महिन्यात ठेवला होता ना एक. जेवाचा डबा आनाले घरी गेला. अजून जेवूनच राह्यला!"

तेवढ्यात त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. कुठल्या तरी थंड देशातला गोरा माणूस. प्लायवूडवर अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी ठेवली, पट्टीच्या खाचेत मशीन बसवली आणि नुसती ढकलत नेली. सुर्रकन सरळ रेष! वायर नाही, धूळ नाही, कड फाटणं नाही. चांगल्या कंपनीच्या मशीनची किंमत अशी की तेवढ्यात दुकानाचं शटर, वरचे पत्रे आणि गजू, तिन्ही नवे करून मिळतील. पण हा गोरा सांगत होता एका स्वस्त मशीनबद्दल. ती गजूला झेपण्यासारखी होती.

वर्षाने मान वाकवून पाहिलं. "याच्या दुकानात भुसा काहून नाई?"

"व्हिडिओ हाय तो."

"बरं. मंग दुसरं टोक कोन धरून राह्यलं?"

गजूने व्हिडिओ मागे नेला, पुढे नेला, मोठा केला. कॅमेरा सगळा मशीनवर. शीटचं दुसरं टोक चौकटीबाहेर! तिथे गोऱ्याची बायको उभी आहे की कोणीच नाही, काही कळेना.

शेवटी गजूने निकाल दिला. "एकट्या मानसानं शीट कापल्या जाते असं दिसलं, तर मशीन घ्यायची आन् तू ट्रेनिंगले जायचं. नाई दिसलं, तर मंग या वर्षी राहू दे."

वर्षा म्हणाली, "बोलावनं राहते का माह्यासाठी?"

मला आतून ते बातमीदारीतलं जुनं काहीतरी चावलं. प्रश्न साधा, महत्त्वाचा, आणि उत्तर कोणाकडेच नाही! म्हटलं, "मी शोधून काढतो."

* * *

मी रिव्ह्यू वाचायला बसलो. आणि माझं डोकं फिरलं!

एकाने पाच तारे दिले होते. खाली लिहिलं होतं, "अजून उघडून बघितलं नाही, पॅकिंग मस्त." दुसऱ्याने एक तारा दिला होता, कारण डिलिव्हरीवाला उर्मटपणे बोलला. तिसरा लिहितो, "भावाला गिफ्ट दिली, भाऊ खूश." अहो, भाऊ खूश आहे, पण प्लायवूडचं काय? आम्ही घटनास्थळी न जाता बातमी पाठवली असती तर संपादकाने आम्हाला गेटवरूनच परत पाठवलं असतं. आणि इथे बघावं तर सगळा देश न पाहता लिहितोय!

कस्टमर केअरला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका. शेवटी एक मुलगी आली. आवाज गोड. मी विचारलं, "ताई, एकच सांगा. तुमच्या मशीनने मोठी शीट कापताना दुसरं टोक धरायला माणूस लागतो का?"

"सर, एक मिनिट होल्ड करा."

पुन्हा गाणं. मग ती परत आली.

"सर, मी चेक केलं. बॉक्समध्ये मशीन, पातं, पान्याचा सेट आणि माहितीपुस्तक येतं. माणूस येत नाही."

मी म्हणालो, "तो आम्ही मागितलेला नाही."

"थँक यू सर. तुम्ही आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?"

मी दिले पाच. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या प्रवक्त्याने मला खरं उत्तर दिलं होतं!

* * *

बॅटरीचीच मशीन कशाला हवी, असं कोणी विचारलं की गजू फुलसावंगीच्या गुरुजींच्या किचनकडे बोट दाखवतो.

त्याच दिवसांत गुरुजींच्या घरी ओट्याखालची कपाटं करायची होती. तेव्हाची मशीन वायरची. आता बटण सतत दाबून अंगठा दुखतो म्हणून गजूने ते सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून दाबूनच ठेवलेलं. इकडचे निम्मे मिस्त्री हेच करतात. कपाटाच्या दाराची शीट निम्मी कापून झाली आणि लाईन गेली. पातं शीटच्या पोटात अडकलेलं, वर्षाच्या हातात दुसरं टोक. सोडावं तर वरचं सनमायका फाटतं.

"आता येईन लाईन," गुरुजी म्हणाले.

वर्षा उभी. गुरुजींच्या मंडळींनी चहा केला. वर्षाचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्या माउलीने बशीत ओतून, फुंकून, तिला चहा पाजला. बशी तोंडाशी असतानाच लाईन आली! रबर बांधलेली मशीन आपोआप सुरू झाली आणि रेष सोडून नदीसारखी वळत गेली. कोणाला लागलं नाही, हे नशीब. वर्षाने शीट खाली ठेवली, गजूच्या हातातून मशीन घेतली, रबर कापलं आणि खिडकीतून बाहेर फेकलं. गजूने त्यानंतर बटण कधी बांधलं नाही.

पण दाराचं काय? दार एका बाजूने वळलेलं. दुसरी शीट नव्हती. गजूने डोकं चालवलं. जोडीचं दुसरं दारही त्याने हाताने तसंच, त्याच वळणावर कापलं. दोन्ही मिटली की एकमेकांत चपखल बसतात!

गुरुजी आता आल्या-गेल्याला ओट्यापाशी नेतात. "नागपूरची लेटेस्ट डिझाइन हाय. इकडं कोनाले जमत नाई."

शेजारच्या दोघांनी तशीच करून मागितली. गजूने नकार दिला. म्हणाला, "त्याले लाईन जावी लागते."

* * *

गजू ऑनलाइन मशीन बघतोय हे आमच्या हार्डवेअरवाल्या प्रकाशशेठना कळलं. शेठ चिडले. "आमच्या दुकानाले कुलूप लावू का? खिळे माह्याकडून आन् मशीन मोबाइलमधून?" त्यांनीही तशीच एक स्वस्त मशीन आणवली, वर कंपनीचा सेल्समन बोलावला. दुकानासमोर टेबल मांडलं. गर्दी जमली.

सेल्समन टाय लावून. त्याने पातळसा प्लायवूड घेतला आणि पापडासारखा कापून दाखवला. "बघा! एकदम बटर!"

गजू म्हणाला, "आमच्याकडे बटर नसते दादा. हे कापून दाखव." आणि त्याने सोबत आणलेली बाभळीची फळी टेबलावर ठेवली. जुनी, बैलगाडीची. तिने लोखंडाला घाम फोडावा अशी.

मशीन आत शिरली. आवाज बदलला. मग धूर. मशीन जागची हलेना, धूर मात्र सुरेख सरळ रेषेत वर जात होता. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "शेठ, हे मशीन हाय का अगरबत्ती?"

सेल्समनचा टाय सैल झाला. तो पुन्हा प्लायवूडकडे वळला, यावेळी मोठी शीट. टेबलाबाहेर चार हात लोंबत होती. तो कापत निघाला. "एकटा माणूस, सर! नो हेल्पर! बघा, एकट्याने होतंय!"

वर्षा गर्दीतून पुढे आली. तिचं लक्ष धुराकडे नव्हतं, मशीनकडे नव्हतं.

"शेठ," ती म्हणाली, "तुमी काय धरून राह्यले मंग?"

सगळ्यांनी पाहिलं. शेठ दोन्ही हातांनी शीटचं दुसरं टोक धरून उभे होते! त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं. इतक्या वर्षांचा धंदा, लाकूड लोंबलं की हात आपोआप जातो. शेठनी दचकून हात सोडले आणि शीट बरोबर त्यांच्या पायावर पडली.

ते आठवडाभर लंगडत होते. गिऱ्हाइकांना सांगायचे, "गाडी घसरली."

* * *

मी म्हटलं, हे असं चालणार नाही. मशीन स्वतः वापरून पाहायची. पुसदच्या एका ठेकेदाराकडे गजूला हवी होती तीच मशीन होती. मी जाऊन शब्द टाकला. जुनी ओळख, म्हणजे मी त्याच्याविरुद्ध दोनदा छापलेलं. तो लगेच हो म्हणाला! मशीन दिली, पट्टी दिली. दुकानात येऊन खोकं उघडलं तर बॅटरी नाही.

फोन केला. ठेकेदार म्हणाला, "साहेब, बॅटरी दिली की मशीन वापस येत नाई. अनुभव हाय."

आता? तिथे वर्षाचा भाऊ सुरेश बसलेला. त्याची फुलसावंगीला शेती, कापूस आणि तूर. तो म्हणाला, "बॅटरीच पायजे ना? माह्या फवाऱ्यात हाय!" आणि मोटारसायकलवरून उतरवलेला बॅटरीचा फवारणी पंप पाठीवर चढवून, दोन वायरी बाहेर काढून तो मशीनला जोडायला लागला.

मी म्हटलं, "सुरेश, ही बॅटरी वेगळी, ती वेगळी."

"काका, करंट त करंट."

वर्षा म्हणाली, "अरे, स्फोट होईन."

"काई होत नाई ताई. तू भेते लवकर."

पात्याने एकदा आळस दिला. म्हणजे खरंच, झोपेतून उठलेल्या माणसासारखं एक गिरकी घेऊन थांबलं. एवढ्या वेगाने देवाच्या वाती तेवढ्या वळता आल्या असत्या. सुरेश वायर हलवायला वाकला आणि पाठीवरच्या पंपाचं झाकण निघालं. टाकीतला निंबोळी अर्क त्याच्या मानेवरून, प्लायवूडवरून, गजूच्या चहावरून वाहत गेला!

दुकानात उभं राहवेना. गिऱ्हाईक नाक धरून परत जायचं. गजू मेहुण्याला काही बोलू शकत नव्हता, म्हणून मला बोलत होता.

पुढे काही दिवसांनी प्रकाशशेठ लंगडत आले, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "गजू, तुह्या दुकानात वाळवी होती ना?"

होती. आता नव्हती!

ठेकेदाराकडून बॅटरी कशी आली? वर्षाने त्याच्या बायकोला एक फोन केला. संध्याकाळच्या बसने बॅटरी हजर. माझी सगळी ओळख-बिळख तिथेच निकालात निघाली.

* * *

बॅटरी चार्जिंगला लावली. पट्टी मागच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि आम्ही जेवायला गेलो. या मागच्या भिंतीला तेव्हा प्लास्टर चालू होतं. बबन मिस्त्री, गवंडी, हात चांगला पण तोंड त्याहून चांगलं.

आता गवंड्याला प्लास्टर सपाट करायला काय लागतं? अ‍ॅल्युमिनियमची लांब, सरळ पट्टी!

आम्ही परत आलो तर बबन आमची ट्रॅकची पट्टी दोन्ही हातांनी ओल्या सिमेंटवरून वरपासून खालपर्यंत ओढत होता. आणि आम्ही काही बोलायच्या आत तोच आमच्यावर खेकसला.

"गजूभाऊ, कायची पट्टी आनली बे ही! बेकार माल! जठी ओढतो तठी नाली पडून राह्यली. पह्यलेच सांगून देतो, घेऊ नका. फसोलं तुमाले!"

भिंतीवर खालून वरपर्यंत दोन समांतर रेघा. मशीन बसायच्या खाचेच्या. अगदी सरळ, मात्र! एक केसभर इकडची तिकडे नाही. गजू पट्टीकडे धावला, वर्षा ब्रश आणि पाण्याची बादली घेऊन धावली. मी मात्र भिंतीपाशी उभा राहिलो आणि मला फार समाधान वाटलं.

इतके दिवस मी काय शोधत होतो? अख्ख्या इंटरनेटवर एक असा माणूस, ज्याने वस्तू हातात घेतली, वापरली, आणि मग मत दिलं. तो शेवटी सापडला. आमच्या मागच्या भिंतीवर!

त्या दोन रेघा अजून आहेत. गजूला सरळ रेष बघायची असली की तो तिकडे बघतो.

* * *

मग आली खरी परीक्षा.

दुकान मध्ये मोकळं केलं. फ्रिजच्या खोक्यांतलं जुनं थर्माकोल जमिनीवर पसरलं आणि त्यावर शीट सपाट ठेवली. वर पट्टी, पट्टीवर मशीन. शीट सगळीकडून टेकलेली, लोंबायला जागाच नाही. म्हणजे वर्षाच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या पायाखाली पसरलं होतं, आणि ते एकाही रिव्ह्यूवाल्याने दिलं नव्हतं! मी तिथल्या तिथे भडकलो, पण ऐकायला कोणी रिकामं नव्हतं.

वर्षा मुद्दाम आत चहा करायला गेली. "मी बाहीर राहली त धरीन," म्हणाली.

गजूने बटण दाबलं. मशीन निघाली. कड अशी आली की बोट फिरवावं. शेवटचा वीतभर भाग उरला आणि मशीन थांबली.

"काय झालं?"

"काय मालूम. थांबली."

मागे घेतली, पुन्हा निघाली, पुन्हा तिथेच थांबली. दुसरी रेष घेतली. तीच गोष्ट. वीतभर राहिलं की बंद! गजू म्हणाला, "बॅटरी बसली असन." बॅटरी पुन्हा चार्ज करून आणली. पुन्हा तिथेच. "गरम होत असन." हात लावून पाहिला, गार. "पात्याले धार नाई." मग बाकीची शीट कशी कापली?

गजूच्या चेहऱ्यावर मी काहीतरी पाहिलं. वाईट वाटत होतं म्हणावं, तर तसं नव्हतं. "काका, सस्ती चीज सस्तीच असते," तो म्हणाला. "आपलं राहू द्या. या वर्षी..."

मला राहवेना. वस्तू एकाच जागी अडते म्हणजे कारण असणार! मी कस्टमर केअरला फोन लावला. तीच मुलगी. मी सांगितलं, "ताई, तुमची मशीन शेवटच्या विताला थांबते."

"सर, बटण दाबलेलं आहे का?"

मी रागाने गजूच्या हाताकडे पाहिलं. म्हणजे अपमान बघा! इतक्या वर्षांच्या मिस्त्रीला विचारते बटण दाबलंय का!

बटण दाबलेलं नव्हतं.

गजूचा अंगठा वर होता. मी म्हटलं, "गजू, पुन्हा कर." त्याने पुन्हा केलं. मशीन छान निघाली, वीतभर उरलं आणि त्याचा अंगठा आपोआप उचलला गेला. त्याला कळलंसुद्धा नाही. तो मशीनकडेच बघत होता, ती का थांबली म्हणून!

फोनवर मुलगी, "सर? सर?"

मागून चहाच्या भांड्याचा आवाज थांबला. पडद्याआडून वर्षा म्हणाली, "हाव!"

सुर्रर्र! शीट आरपार.

गजूने मशीन बाजूला ठेवली. कापलेली कड अंगठ्याने पुसली. बराच वेळ पुसत होता. मग आत न बघताच म्हणाला, "वर्षे, बॅग भर."

मी विचारलं, "म्हणजे मशीन घ्यायची ना?"

"ते तुमाले इचारलं का मी?"

* * *

मशीन दसऱ्याला आली. वर्षाने तिला हळदकुंकू लावलं, पट्टीलाही लावलं. दिवाळी झाल्यावर ती यवतमाळला गेली. परतली ती खाकी घालून, आणि उमरखेडच्या गाड्यांवर तिची ड्युटी लागली.

गजू दुकानात एकटा कापतो. मी बसलेला असतो. शेवटचा वीतभर भाग उरला की मशीन थांबते. गजू इकडेतिकडे बघतो, मग स्वतःच हळूच म्हणतो, "हाव," आणि पुढे ढकलतो. त्या वेळी मी वर बघून छताचे पत्रे मोजतो.

परवाची गोष्ट. फुलसावंगीच्या गुरुजींना आता टीव्हीचं युनिट हवं होतं. ("यावेळी सरळच कर," म्हणाले.) गजूची गाडी गॅरेजला. म्हणून तो एसटीने निघाला, आणि मलाही गुरुजींकडचं ते डिझाइन एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं, म्हणून मीही. मशीनचं खोकं मांडीवर. आणि पट्टी? ती दोन तुकडे जोडून शीटएवढी लांब केलेली. गजू ती खोलत नाही, खोलली की जोड हलतो म्हणे. म्हणून ती गाडीच्या मधल्या वाटेत आडवी. प्रत्येक चढणारा तिला अडखळून गजूच्या घराण्याचा उद्धार करत होता.

कंडक्टर वर्षा.

"लगेजचं तिकीट घ्या," ती नवऱ्याला म्हणाली.

"ओळख नाई का?"

"हाय ना. म्हनून त सांगून राह्यली, नाईतर तपासनीस सांगीन."

गाडीत हशा. एक म्हातारी म्हणाली, "बरं झालं. घे त्याच्याकून!" गजूने मुकाट तिकीट घेतलं. गाडी निघाली. रस्ता तुम्हाला माहीत असेलच. पहिल्याच खड्ड्यात पट्टी सरकली आणि एका मास्तरांच्या पायावर आली. गजूने पुढचं टोक धरलं. मागचं टोक मोकळं, गाडी उडेल तसं उडत होतं. वर्षा तिकिटं फाडत, म्हणजे आता मशीनमधून काढत, मागे पोचली होती. तिने एका हाताने ते टोक उचललं आणि काखेत धरलं. दुसऱ्या हाताने तिकिटं चालू. "बोला, कुठी? सुट्टे द्या. बोला." तिकिटं संपली, तरी टोक काखेतच.

गजू मागे वळून म्हणाला, "याले मानूस लागत नाई म्हनलं होतं ना त्या सेल्समननं?"

ती म्हणाली, "समोर पाहा."

फुलसावंगी आलं. गाडी गच्च. गजूने खोकं माझ्याकडे दिलं, पट्टीचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं आणि दाराकडे निघाला. मी त्याच्या पुढे उतरलो. गजूही पायरीवर आला. खाली उतरला. पट्टी त्याच्यामागून सरकत बाहेर येत होती, मागचं टोक वर्षाच्या हातात. आणि शेवटचा वीतभर भाग आत असताना गजू थांबला.

खाली चढणारे खोळंबले. "अबे, घे ना बाहीर!" आतून कोणी ओरडलं, "झोपला का बे?" ड्रायव्हरने हॉर्न दिला. गजू तसाच उभा, पाठ गाडीकडे, खांद्यावर पट्टी, डोळे समोर.

"काय झालं हो?" ड्रायव्हरने मान बाहेर काढून मला विचारलं.

आतून वर्षाचा आवाज आला.

"हाव."

गजू पुढे चालायला लागला. वर्षाने डबल बेल दिली आणि गाडी सुटली.